चोल्पोनचा निरोप

आमच्या गावात कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे मला वासावरून कळतं, आणि कुणाचं कुणाशी बिनसलंय हे अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांवरून. पस्तीस वर्षं गावच्या टेलिफोन एक्स्चेंजवर काढली. लोक समजायचे, बाई नुसत्या तारा जोडते. तेव्हा चोल्पोनबद्दल मी जे सांगणार आहे ते ऐकीव नाही. त्यातलं निम्मं मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि उरलेलं निम्मं माझ्यामुळेच घडलंय.

चोल्पोन ही अनिपाची सून, आणि अनिपा माझी जोडीदारीण. दोघी एका वर्षी जन्मलो, एका बाकावर बसलो, एकाच उन्हाळ्यात लग्नं झाली. आमच्यात समवयस्कांना एकमेकांची हवी तेवढी टवाळी करायची मुभा असते. कुणी मनावर घेतलंच तर त्याचंच हसं होतं. माझा नवरा गेला तेव्हा सगळं गाव रडत होतं, आणि ही मला मिठी मारून कानात म्हणते, "बिचाऱ्याला आता तरी गप्प झोपायला मिळेल गं सोनुन." मी रडता रडता फिसकन हसले. लोकांना वाटलं दुःखानं वेड लागलं.

चोल्पोन पलीकडच्या खोऱ्यातली. सून म्हणून आली तेव्हा एकोणीस वर्षांची, काठीसारखी बारीक, आणि बोलणं इतकं कमी की पहिले सहा महिने मी पैजेवर सांगत होते, अनिपानं मुकी सून पसंत केली. मुकी नव्हती. मर्यादेची होती. सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, हे आमच्याकडे सगळ्याच पाळतात, पण ही जरा जास्तच पाळायची. सासरे ताशमात, म्हणजे नावातच 'ताश', दगड. मग ही दगडालाही दगड म्हणायची नाही. 'कडक माती' म्हणायची. सासरे वारले तरी म्हणायची. एकदा तिच्या पायावर कुंपणातला धोंडा पडला, तर कळवळून "कडक माती, कडक माती" करत एका पायावर नाचली. ही गोष्ट मी किती लग्नांत रंगवून सांगितली असेल, मोजदाद नाही.

नवरा मुरातबेक दूर परदेशात, सुर्गुतला बांधकामावर. वर्षातून वीस दिवस यायचा, छपराला एक पत्रा ठोकायचा, बायकोला एक मूल द्यायचा आणि परत जायचा. पहिला मुलगा झाला, एलामान. आणि पहिला मुलगा आजी-आजोबांचा, हे काही कुणी कागदावर लिहून घेत नाही. चाळीस दिवस झाले, बाळ पाळण्यात घातलं, आणि त्या दिवशीपासून पाळणा अनिपाच्या खोलीत. दूध पाजायला चोल्पोननं यायचं, पाजून जायचं. पोरगं बोलायला लागलं तसं आजीला 'आपा' म्हणजे आई म्हणू लागलं (वडीलधाऱ्या बाईलाही आम्ही आपाच म्हणतो), आणि जन्म दिलेल्या आईला 'वहिनी'. पुढे दोन मुली झाल्या त्या चोल्पोनच्या. मी एकदा तिला छेडलं होतं, पोरगा 'वहिनी, पाणी दे' म्हणतो तेव्हा कसं वाटतं गं? ती म्हणाली, "तहान लागलीय असं वाटतं, सोनुन आपा." आणि बादली घेऊन गेली. मी ते उत्तरही गावभर फिरवलं. छान उत्तर होतं.

एलामान चौदाव्या वर्षी पडला. घोड्यावरून पडला असता तर निदान सांगायला बरं वाटलं असतं. गवताच्या ट्रकवरून पडला. ऑगस्टअखेर डोंगरावरून गवत खाली आणतात, वर पोरं बसतात. मीही लहानपणी बसलेय. पाटाच्या खड्ड्यात ट्रक कलंडल्यासारखा झाला, बाकीचे गवतात घसरले आणि हा डोक्यावर रस्त्यात आला. रक्त जेमतेम वाटीभर. पण बावीस दिवस त्यानं डोळे उघडले नाहीत.

राजधानीच्या हॉस्पिटलात कुणी राहायचं हा प्रश्न आला. तिथले डॉक्टर रशियन बोलतात, अनिपाला ते येत नव्हतं, आणि नळ्या लावलेलं पोर पाहून ती पहिल्याच दिवशी फरशीवर आडवी झाली. डॉक्टर म्हणाले, एकाच वेळी दोन पेशंट नकोत. म्हणून चोल्पोन राहिली. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिचा मुलगा तिच्या एकटीच्या वाट्याला आला, तोही असा.

पाच महिने ती तिथे होती. डोळे उघडल्यावर पुढचं सगळं नव्यानं होतं. गिळणं, मान धरणं, बसणं. उजवी बाजू लुळी, शब्द हरवलेले. तिथे व्यायाम शिकवणारी एक बाई होती, झान्ना बोरिसोव्ना, हातापायानं पैलवान आणि आवाजानं हवालदार. तिनं चोल्पोनला पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की जे तो कसंबसं का होईना करू शकतो, ते तू करायचं नाहीस. त्याला शर्टाची गुंडी लावायला अर्धा तास लागतोय, लागू दे. घास सांडतोय, सांडू दे. तुझे हात फारच वळवळायला लागले तर बाहीत कोंब. आणि उजवा हात रोज चार वेळा ताणायचा, तो रडला तरी. पहिली दोन वर्षं महत्त्वाची, नंतर जे व्हायचं ते फार हळू होतं. हे सगळं चोल्पोननं एका शाळेच्या वहीत लिहून आणलं होतं. वही मी पाहिली आहे. अक्षर तिच्यासारखंच, बारीक आणि सरळ.

फेब्रुवारीत ती त्याला घेऊन परतली. अनिपानं मेंढी कापली, गाव लोटलं. एलामान दोघांच्या आधारानं गाडीतून उतरला, माणसं पाहून घाबरला आणि मोठमोठ्यानं हसायला लागला. डोक्याच्या माराचं असंच असतं म्हणे, रडायच्या जागी हसू येतं. आम्हाला काय माहीत. आम्हीही हसलो.

आणि दुसऱ्या दिवसापासून त्या घरात जे सुरू झालं ते आम्ही सगळ्यांनी कुंपणावरून पाहिलं. चोल्पोन त्याच्यासमोर दुधातल्या भाताचा वाडगा ठेवायची, चमचा उजव्या हाताशी, आणि हात बाहीत घालून समोर बसायची. चमचा पडायचा. तो उचलायचा. पुन्हा पडायचा. चौथ्या वेळी अनिपा चमचा हिसकावून घ्यायची आणि "माझ्या शिंगराला उपाशी मारायला आणलंस का शहरातून" म्हणत स्वतः भरवायची. वर लोण्याचा गोळा. तो शब्द शोधत 'प... प...' करायचा, की हिचं तयारच, "पाणी? घे माझ्या राजा." शब्द ओठांवर यायच्या आधी आजी हजर. चोल्पोन कपाळाला आठी न पाडता उठायची आणि सांडलेला भात पुसायची. सासूला 'थांबा' म्हणायचं कसं? तो शब्द सुनेच्या तोंडी आम्ही दिलेलाच नाही.

शब्दांचीही गंमतच होती. ती त्याला पाटाच्या काठी बसवून एकेक वस्तू दाखवायची, नाव विचारायची. पाणी, घोडा, दोरी. दगड आला की हीच अडायची. शेवटी पोरगं दगडाला 'कडक माती' म्हणायला शिकलं. दुकानासमोर पोरांनी ऐकलं आणि त्याला दिवसभर 'हे काय, हे काय' करून दगड दाखवत बसली. त्या पोरांच्या आयांकडे मी जायला हवं होतं. मी गेले, पण ती गोष्ट सांगून हसवायला.

मार्चच्या बर्फात एकदा मी पाहिलं, एलामान ओसरीच्या पायरीवर बसून बूट चढवतोय. डाव्या हातानं ओढतोय, तोल जातोय, घामाघूम झालाय. आणि चोल्पोन अंगणाच्या मधोमध उभी, बाहीत हात, डोळा न लववता. वीस मिनिटं. मी माझ्या खिडकीतून मोजली. त्या दिवशी दुधाच्या रांगेत मी तिला नाव ठेवलं, पहारेकरीण. तुरुंगात असते तशी. नाव असं चिकटलं की आठवड्याभरात शेंबडी पोरंसुद्धा म्हणायला लागली, "एलामान, तुझी पहारेकरीण आली." बायका म्हणायच्या, पोटचा पोरगा, पण काळीज सावत्र आईचं. मी मान डोलवायचे. नाव माझंच होतं ना, त्याचं कौतुक वाटायचं.

एप्रिलमध्ये एका दुपारी चोल्पोन माझ्या दारात आली. हातात सायीचा वाडगा. बसली, पण पाठ टेकवली नाही. मला वाटलं नावाबद्दल भांडायला आली असेल, आणि मी उत्तर जुळवून ठेवलं. तिनं नावाचा विषयच काढला नाही. वही काढली, पानं उलटून मला दाखवली, आणि मग आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी सलग बोलली.

"सोनुन आपा, मी एनेंना काही सांगू शकत नाही. तुम्ही सांगू शकता. तुमचं त्या ऐकतात, तुमच्या बोलण्याचा त्यांना राग येत नाही. एवढंच सांगा, रोज एक जेवण त्याचं त्याला जेवू द्या. आणि हात ताणताना तो ओरडला तर आत येऊ नका. मी त्याला मारत नाहीये. हात आता उघडला नाही तर मिटूनच राहील."

मी विचारलं, सासूला एने म्हणतेस, तिला सरळ सांगायची एवढी भीती कसली? ती म्हणाली, भीती नाही, अधिकार नाही. मुलगा त्यांचा आहे.

मी तिचा हात थोपटला. म्हटलं, जा, हे काम माझं. साय दाट होती, दोन दिवस पुरली.

त्या शुक्रवारी आमची बैठक होती. आम्ही एकाच वर्षी जन्मलेल्या अकराजणी महिन्यातून एकदा कुणा एकीकडे जमतो, खातो, पितो आणि उरलेल्या गावाची कातडी सोलतो. त्या दिवशी पाळी अनिपाची नव्हती, पण ती आली होती, एलामानच्या दोन नव्या शब्दांबद्दल सांगत होती, खुशीत होती. मी मनात वाक्य जुळवलं होतं. तिला बाजूला घेऊन, चुलीपाशी, हळू सांगायचं. तेवढ्यात कुणीतरी मला म्हणालं, सोनुन, आज गप्प का, घशात हाडूक अडकलं? आणि सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. दहाजणी माझ्याकडे बघत असल्या की मला माझं तोंड आवरत नाही. हा माझा जुना रोग.

मी म्हटलं, "हाडूक नाही, निरोप अडकलाय. अनिपा, तुझ्या पहारेकरणीनं अर्ज केलाय. म्हणते, कैद्याला म्हातारी लोणी चारते, त्यामुळे तुरुंगाची शिस्त बिघडते. दिवसातून एकदा तरी म्हातारीला कोठडीबाहेर ठेवा."

हशा असा उसळला की एकीनं चहा सांडला. अनिपाही हसली. हसलीच पाहिजे, समवयस्कांचं बोलणं. पण मी तिला साठ वर्षं ओळखते. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला दिसलं, आणि मी आणखी दोन वाक्यं जोडली, कारण हशा अजून चालू होता.

घरी जाऊन अनिपानं आरडाओरडा केला नाही. तिनं चोल्पोनला एवढंच विचारलं म्हणे, माझ्या घरातली गोष्ट तू कुंपणापलीकडे नेतेस? दुसऱ्या दिवसापासून एलामानचं अंथरूण, वाडगा, कपडे सगळं अनिपाच्या खोलीत. चोल्पोनकडे गाई, चूल, मुली. पोराच्या जेवणाच्या वेळी तिनं आत यायचं नाही. ती माझ्याकडे पुन्हा आली नाही. रस्त्यात भेटली की पूर्वीसारखीच वाकून नमस्कार करायची, आणि मी पूर्वीसारखी काहीतरी चेष्टा करून पुढे जायचे. चेष्टा केली नसती तर काय बोलले असते?

असे वीस महिने गेले. एलामान गुबगुबीत झाला, गाल तकतकीत. गाव म्हणायचं, बघा, आजीच्या मायेनं पोरगं भरलं. चालायचा तो भिंत धरून, आणि भिंत संपली की आजीचा खांदा धरून. बोलायचा निम्मं वाक्य, निम्मं आजी पुरं करायची. उजवा हात हळूहळू छातीशी वर गेला, मनगट आत वळलं, बोटं तळव्यात रुतली. नखं कापताना मूठ उघडायला दोघी लागायच्या. कधीकधी चिडून तो डाव्या हातानं हाताशी येईल ते फेकायचा. अनिपा म्हणायची, आजाराचा राग आहे. मला आता वाटतं, आजाराचा नव्हता.

दुसऱ्या वर्षीच्या डिसेंबरात अनिपा विहिरीपाशी बर्फावर घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. तिला नारिन शहरात नेलं, ऑपरेशन झालं, आणि मग तिथेच मुलीच्या घरी तीन महिने ठेवून घेतलं. जाताना गाडीत पडल्या पडल्या तिनं मला बोलावलं. म्हणाली, माझ्या शिंगराकडे लक्ष ठेव, ती त्याला उपाशी ठेवेल.

मी लक्ष ठेवलं. माझ्याइतकं लक्ष कोण ठेवणार? पहिल्या आठवड्यात त्या घरातून असा आरडाओरडा यायचा की कुत्री भुंकायची. एलामान 'आपा, आपा' करून आजीला हाका मारायचा, भांडी फेकायचा. एकदा तर दोन वेळा जेवलाच नाही. वाडगा समोर, आई समोर, आणि दोघंही हट्टाला पेटलेले. तिसऱ्या वेळी त्यानं डाव्या हातानं वाडगा उचलून तोंडाला लावला, निम्मा अंगावर ओतला, निम्मा प्यायला. हे मला तिच्या धाकटीनं सांगितलं. आई काय म्हणाली, मी विचारलं. म्हणे काही नाही, गोठ्यात गेली आणि बराच वेळ आली नाही.

जानेवारीत ती त्याला गोठ्यात न्यायला लागली. गाईचं आचळ धरायला. आमच्याकडे पुरुष धार काढत नाही, आणि सोळा वर्षांचा पोरगा बादली मांडीत धरून बसलाय हे बघायला गावातली पोरं गोठ्याच्या फटीला डोळे लावून उभी. नवी सून, नवी सून, म्हणून चिडवायची. या वेळी मी काठी घेऊन गेले आणि त्यांना पिटाळलं. उशीर झाला होता, पण गेले. आत बघितलं तर डावा हात धार काढत होता, आणि उजवा गाईच्या ऊबदार कासेला टेकवून ठेवलेला, आईचा तळवा त्यावर, हळूहळू बोटं सोडवत. तो मोजत होता. सात. आठ. नऊ. नऊवर अडला की चोल्पोन दहा सांगत नव्हती. गाय मान वळवून बघायची, आता काय झालं म्हणून.

मार्चमध्ये अनिपा काठी टेकत परतली. फाटकाला तारेचा फास असतो, तो आतून काढावा लागतो. एलामान घरातून एकटा आला, भिंतीला हात न लावता, एक पाय ओढत, आणि डाव्या हातानं तो फास काढायला लागला. बराच वेळ लागला. ड्रायव्हर उतरून मदतीला निघाला, तर पोरगं म्हणालं, "मी. मी काढतो." तीन शब्द, आणि आजीनं पुरवलेला एकही नाही. अनिपा रडली, देवाची कृपा म्हणाली, नारिनच्या मौलवीचा ताईत लागू पडला म्हणाली. चोल्पोननं तिची पिशवी उचलली आणि आत नेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अनिपा काठी टेकत गोठ्याच्या दाराशी गेली. मी तिच्या मागेच होते, तिला चालायला मदत करत होते असं म्हणू या. आत तिचा नातू, तिचा राजा, दुधाच्या बादलीशी बसलेला. तिनं तोंड उघडलं. आणि चोल्पोन, अठरा वर्षांत जिनं सासूकडे मान वर करून पाहिलं नव्हतं, ती वळून म्हणाली,

"बोलू नका, एने. तो मोजतोय."

अनिपा उभी राहिली. एलामान चव्वेचाळीसवर होता. एकोणपन्नासवर थांबला. किती थांबला, ते मला सांगता येणार नाही. मला स्वतःला पन्नास म्हणून ओरडावंसं वाटत होतं. मग तो म्हणाला, पन्नास. साठपर्यंत गेला आणि आमच्याकडे बघून हसला, आणि हे हसू चुकीच्या जागचं नव्हतं.

दुपारी अनिपा माझ्याकडे आली. त्या पायानं, रस्ता ओलांडून. चहा नको म्हणाली.

"त्या दिवशी बैठकीत तू जे बोललीस, ते तुझं होतं. तिनं काय सांगायला धाडलं होतं ते सांग. आणि हसू नकोस."

मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं; पाठ होतं मला, जवळजवळ दोन वर्षं पाठच होतं. एक जेवण. हात ताणताना आत येऊ नका. मी त्याला मारत नाहीये. आता उघडला नाही तर मिटूनच राहील. शेवटच्या वाक्याला अनिपानं डोळे मिटले. मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती उठली आणि म्हणाली, राजधानीला जायचंय, तूही चल, तुला रशियन येतं; ती माझ्यासमोर सगळं सांगणार नाही.

झान्ना बोरिसोव्ना अजून तिथेच होती, आवाज तसाच. तिनं एलामानला चालवलं, बोलतं केलं, चाळीस चित्रं दाखवली, आणि पाठीवर थाप मारली. पाय आणखी सुधारेल, बोलणं तर नक्कीच, अजून वर्षानुवर्षं सुधारत राहील. मग उजवा हात हातात घेतला आणि एकेक बोट उघडायचा प्रयत्न केला. रोज ताणत होता का, तिनं विचारलं. चोल्पोन खाली बघत होती. मीच रशियनमध्ये म्हटलं, मध्ये काही महिने जमलं नाही. ती म्हणाली, ऑपरेशननं मूठ थोडी सैल होईल, धुता येईल, पण काही धरता येणार नाही. सुरुवातीपासून ताणला असता तरी पूर्ण बरा झाला असता असं मी सांगू शकत नाही. पण एवढा बिघडला नसता. अनिपानं मला विचारलं, काय म्हणतेय? आणि मी, आयुष्यात पहिल्यांदा, काही न जोडता आणि काही न वगळता भाषांतर केलं.

परतताना दोलोनच्या घाटात ड्रायव्हर चहाला थांबला. एलामान पुढच्या सीटवर झोपला होता. आम्ही तिघी मागे. काचेबाहेर बर्फ वितळून रस्त्यावरून वाहत होता. अनिपा समोर बघत म्हणाली,

"तू ओरडायचं होतंस माझ्यावर. त्याच्या हातापेक्षा माझा मान मोठा होता का?"

चोल्पोन म्हणाली, "ओरडले असते तर तुम्ही मला माहेरी धाडलं असतं, आणि त्याला ठेवून घेतलं असतं. मग गोठ्याच्या फटीतून दिसायचा तेवढासुद्धा दिसला नसता."

अनिपा खोटं बोलू शकली असती. मी असते तर बोलले असते.

"हो," ती म्हणाली. "धाडलं असतं."

घरी पोचल्यावर तिनं एलामानचं अंथरूण स्वतः उचललं, काठी काखेत धरून, आणि चोल्पोनच्या खोलीत नेऊन टाकलं. वर लोण्याचा डबाही नेऊन दिला. म्हणाली, हा तुझ्याकडेच ठेव, माझ्या हाताचा भरवसा नाही. अजूनही जेवताना तो चमचा पाडतो तेव्हा ती उठून दुसऱ्या खोलीत जाते. राहवत नाही म्हणते.

एलामान आता एकोणिसाव्या वर्षात आहे. डाव्या हातानं धार काढतो, लाकडं रचतो, पाटाचं पाणी वळवतो. थकला की शब्द गाळतो आणि वैतागला की अजून वस्तू फेकतो. मिटलेली मूठ छातीशी असते. मी समोर आले की मला आधी तीच दिसते. चोल्पोनला तो अजून वहिनीच म्हणतो. नवं काही शिकवायला तिनं खूप शिकवलं, पण हे बदलायला शिकवलं नाही. मी तिला एकदा सुचवलं तर म्हणाली, त्याला एवढ्या कष्टानं जे आठवलंय, ते मी चुकीचं कसं ठरवू?

गेल्या शरदात मी तिच्याकडे गेले. साय नेली होती, वाडगाभर. मी म्हटलं, चोल्पोन, तो निरोप मी बिघडवला. नुसता बिघडवला नाही, हशासाठी विकला. ते पहारेकरणीचं नावही माझंच. मी माफी मागायला आलेय, आणि चेष्टा करत नाहीये.

तिनं साय घेतली, चुलीवरची किटली उचलली. आमच्यात पाहुण्याला पेला निम्मासुद्धा भरत नाहीत, म्हणजे पुन्हा पुन्हा भरून देता येतो आणि पाहुणा बसून राहतो. कुणी काठोकाठ भरून दिला की समजायचं, प्या आणि उठा.

"चहा घ्या, सोनुन आपा," ती म्हणाली, नेहमीच्याच मर्यादेनं, दोन्ही हातांनी पेला पुढे करत. इतका भरला होता की तो तोंडापर्यंत नेताना मला वाकावं लागलं.

मी प्यायले आणि उठले.